उंच चालकासाठी जुन्या पिकअपची सीट बदलताना

गुडघे स्टेअरिंगला घासतात, डोकं छताच्या अस्तराला टेकतं आणि सीट मागे घ्यावी तर पाठीशी थेट कॅबची भिंत. सहा फुटांच्या वरचा माणूस एकेरी (म्हणजे सीटची एकच रांग असलेल्या) कॅबच्या जुन्या पिकअपमध्ये बसला की साधारण हेच होतं. मग सीट बदलायचं ठरतं आणि शोध सुरू होतो तो मोठ्या, जाड, गुबगुबीत सीटचा. तशी सीट बसवली की गुडघे आणखी पुढे जातात आणि डोकं आणखी वर.

उंच माणसाला लागते बुटक्या बुडाची, पातळ पाठीची आणि लांब बैठकीची सीट. बूड एक सेंटीमीटरने बसकं झालं की डोक्याला एक सेंटीमीटर मिळतो. पाठ एक सेंटीमीटरने पातळ झाली की पायांना एक मिळतो. कॅब तर वाढवता येत नाही, त्यामुळे जे काही मिळवायचं ते या दोन ठिकाणी. म्हणून या कामात पान्याच्या आधी टेप हातात घ्यावी लागते.

आधी माणूस मोजा, मग कॅब

दोघांची उंची १९० सेंटीमीटर असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. बसल्यावरची उंची एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते, पण माणसामाणसात त्यात पाच सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. धड लांब असेल तर अडचण छताची, पाय लांब असतील तर मागच्या भिंतीची. उपाय वेगळे आहेत, म्हणून अंदाजाने पुढे जाऊ नका.

भिंतीला पाठ लावून कडक स्टुलावर ताठ बसा. डोक्यावर एक पुस्तक आडवं ठेवून स्टुलापासून पुस्तकाच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. ही तुमची बसकी उंची. तसंच बसून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. तिसरं माप जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या बाजूपर्यंतचं. स्टेअरिंगखाली मांडी मावेल की नाही ते यावरून कळतं. मापं बूट घालून घ्या, कारण गाडी बूट घालूनच चालवायची असते.

आता कॅब. फ्लोअरपासून छताच्या अस्तरापर्यंतची उंची तुमचं डोकं जिथे येणार त्या जागी मोजा, कॅबच्या मध्यभागी नाही. बऱ्याच जुन्या कॅबचं छत मागच्या काचेकडे आणि दाराकडे उतरतं. त्यामुळे सीट मागे घेतल्यावर पायांना जागा मिळते पण डोक्यावरचा एखाद-दुसरा सेंटीमीटर जातो. हे लक्षात न घेता सगळा हिशोब कागदावर जुळवला तर तो गाडीत जुळत नाही.

समजा त्या जागी फ्लोअर ते छत १२२ सेंटीमीटर आहे, बसकी उंची ९८ आहे आणि डोक्यावर निदान ४ सेंटीमीटर मोकळे हवेत. उरले २०. म्हणजे तुमच्या वजनाने दबलेली बैठक फ्लोअरपासून २० सेंटीमीटरवर आली पाहिजे. पाठ थोडी कलती घेतली आणि अंग सैल सोडलं की आणखी दोन-तीन सेंटीमीटर सुटतात. पण ते हिशोबात धरू नका, खड्ड्यातून जाताना तेच कामी येतात. रिकाम्या सीटची उंची वेगळी आणि माणूस बसल्यावरची वेगळी. फोम आणि खालच्या स्प्रिंगा मिळून तीन-चार सेंटीमीटर सहज दबतात.

गाड्या आखणारे हा सगळा हिशोब कमरेच्या एका बिंदूवरून करतात: मांडीचं हाड जिथे कमरेला जोडलं जातं तो बिंदू, ज्याला ते एच-पॉइंट म्हणतात. तो मोजण्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे८२६ मानकात एक ठरावीक मापांचा पुतळाच आहे. आपल्याकडे पुतळा नसतो, पण आपण स्वतः असतो, आणि ते जास्त सोयीचं आहे. जुनं बेंच, म्हणजे कॅबभर पसरलेली सलग सीट, काढल्यावर त्या जागी प्लायवूडचे तुकडे आणि लाकडी ठोकळे रचा, वर दोन-तीन सेंटीमीटरचा कडक फोम टाका आणि बसा. पाठीला एक फळी. पाय पॅडलवर, हात स्टेअरिंगवर. एकेक तुकडा काढत किंवा घालत जा, मागेपुढे सरका, क्लच शेवटपर्यंत दाबून बघा, ब्रेकवरून पाय ॲक्सिलरेटरवर नेताना गुडघा कशाला अडकतो ते बघा. जिथे अंग सैल होतं तिथे थांबा. थराची उंची, मागच्या भिंतीपासून पाठीच्या फळीचं अंतर आणि स्टेअरिंगच्या मध्यापासून छातीचं अंतर लिहून ठेवा. या तीन आकड्यांवर पुढची सगळी खरेदी होते. घाई करून हा टप्पा टाळणारे लोक दोनदा सीट विकत घेतात.

आणखी एक सोपा मार्ग आहे. ज्या गाडीत तुम्हाला लांबचा प्रवास सुखाचा होतो तिची मापं घ्या: टाच टेकते तिथून बैठकीच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर, बैठकीची उंची, पाठीचा कल. पिकअपमध्ये ती जशीच्या तशी येणार नाहीत, कारण पिकअपमध्ये माणूस जास्त ताठ आणि टाचेपेक्षा जास्त उंच बसतो. पण आपल्याला काय सोसतं ते कळतं.

सीट न बदलता काम भागतं का

कधी कधी भागतं, आणि तसं असेल तर इथेच थांबावं. जुन्या बेंचच्या मागे जॅक, पाने, दोऱ्या, कापडं असं काय काय कोंबलेलं असतं आणि सीट शेवटच्या खाचेपर्यंत जातच नाही. ते सगळं काढा. सीट ज्यावर सरकते त्या रेलमधली माती आणि वाळलेलं ग्रीस साफ करा. काही बेंचच्या पायांना मागे आणखी एक भोकांची जोडी असते; कारखान्यात पुढच्या भोकांत बसवलेली सीट मागच्या भोकांत नेली की तीन-चार सेंटीमीटर मिळतात.

बैठकीचा पुढचा भाग थोडा उचलला तरी फार फरक पडतो. लांब मांड्यांना जुन्या बेंचवर आधारच नसतो. सगळं वजन ढुंगणावर येतं आणि तासाभरात पाय मुंग्यांनी भरतात. पुढच्या दोन बोल्टखाली १० ते १५ मिलिमीटर जाडीचे पोलादी स्पेसर घालून बैठक मागे कलती करता येते. त्यासाठी लांब बोल्ट लागतील, आणि स्पेसर एकसंध असावा. वॉशरची चवड रचू नका. ती सरकते आणि बोल्ट सैल होतो.

फोमबद्दल मात्र सावध राहा. जुन्या सीटचा फोम बसलाय, म्हणून नवा घालून घ्यावा असं सगळेच सुचवतात. बसलेल्या फोममुळे उंच माणूस उलट खाली गेलेला असतो. नवा, फुगीर फोम भरला की तो वर येतो आणि डोकं छताला लागतं. फोम बदलायचाच असेल तर पातळ आणि दाट घ्या, आणि कारागिराला दबलेल्या बैठकीची उंची किती हवी ते आकड्यात सांगा. ‘मऊ करा’ असं सांगितलंत तर तो मऊ करेल, आणि उंचही.

कोणती सीट घ्यावी

जुन्या पिकअपची मूळ बेंच सीट बहुधा खांद्याखालीच संपते. अमेरिकेत प्रवासी कारच्या पुढच्या सीटला हेडरेस्ट १९६९ पासून सक्तीची झाली, पण हलक्या ट्रकना तो नियम सप्टेंबर १९९१ पासून लागू झाला. त्यामुळे मधल्या काळातल्या कित्येक ट्रकमध्ये मानेमागे काहीच नाही, आणि एकेरी कॅबमध्ये डोक्याच्या मागे थेट काच आहे. मागून धडक बसली तर डोकं त्या काचेवर जातं. उंच माणसाला हा धोका जास्त, कारण त्याच्या मानेचा जास्त भाग पाठीच्या वर उघडा असतो. सीट बदलण्याचं माझ्या मते सर्वांत सबळ कारण हेच आहे, आराम त्यानंतर.

म्हणून पहिली अट: हेडरेस्ट पूर्ण वर केल्यावर तिचा माथा तुमच्या डोक्याच्या माथ्याच्या आसपास यावा. अगदीच नाही जमलं तरी कानाच्या वर तर हवाच. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं. चार बोटांहून जास्त असेल तर ती सीट सोडा. उंच माणसांच्या बाबतीत असंही होतं की हेडरेस्ट वर नेली की छताला लागते. सीट गाडीत ठेवून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरी अट बुडाची. सीट उलटी करून बघा. कारच्या सीटचे चारही पाय क्वचितच एका पातळीत असतात. आतल्या बाजूचा रेल गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर टेकायचा म्हणून तिरका किंवा आखूड असतो, बाहेरचा उंबरठ्याला धरून. पिकअपच्या फ्लोअरला तशी सीट जुळवताना नव्या पायांचा सांगाडा करावा लागतो आणि त्यात उंची जाते. सपाट तळाची, रेलला सरळ चार भोकं असलेली सीट सोपी पडते. मोठ्या प्रवासी व्हॅन आणि उंच बांध्याच्या गाड्यांच्या पुढच्या सीटमध्ये अशा सापडतात. हवेवर किंवा स्प्रिंगवर झुलणाऱ्या अवजड ट्रकच्या सीट मोहात पाडतात, पण त्यांच्या बुडाखालचं यंत्रच इतकं उंच असतं की उंच चालकाला लहान कॅबमध्ये त्या निरुपयोगी.

मोटरवर चालणाऱ्या सीट घ्याव्यात का? त्यांत बैठकीचा कल आणि उंची बदलता येते, हे खरं. पण मोटर आणि गिअरमुळे त्या जड असतात, आणि अगदी खाली आणल्यावरही कित्येकदा साध्या सीटपेक्षा उंच राहतात. मी हाताने सरकणारी सीटच सुचवेन. मोटरवाली घेतलीच तर ती खाली आणून, पाठ आणि बैठक आपल्या मापाला लावून मगच मोजा, आणि बॅटरीपासून फ्यूज घालून स्वतंत्र वायर आणण्याची तयारी ठेवा. रेडिओच्या वायरला जोड मारून चालणार नाही.

तिसरी गोष्ट एअरबॅग. अलीकडच्या सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते आणि बकलमध्ये पट्टा ओढून घेणारा स्फोटक भाग असतो. त्यांच्या वायरींचे जोड बहुधा पिवळे असतात. जुन्या गाडीत त्यांना चालवणारा मेंदूच नाही, त्यामुळे ती एअरबॅग उघडणार नाही. पण चुकीच्या हाताळणीने फुटू मात्र शकते. त्या जोडांना टेस्टर किंवा मल्टिमीटर लावू नका, तिथे वेल्डिंग करू नका. बाजूची एअरबॅग नसलेली सीट शोधणं सगळ्यात बरं.

बैठकीची लांबी बघा: टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत तीन-चार बोटांची जागा राहिली पाहिजे, हातभर नाही. रुंदी बघा: दार बंद केल्यावर पाठ कलती करण्याचा दांडा किंवा चक्र हाताला सापडतं का, की दारात अडकतं? एकेरी कॅब असेल तर पाठ पुढे दुमडणारी सीट घ्या, नाहीतर मागचं सामान काढायला दर वेळी कसरत. बाजूंना उंच कडा असलेल्या शर्यतीच्या सीट सर्वांत बुटक्या आणि पातळ असतात, कागदावर त्या आदर्श वाटतात. पण उंच पिकअपमध्ये दिवसातून दहा वेळा चढ-उतर करताना त्या कडा मांडीला लागतात आणि वर्षभरात झिजतात. आणि पाठ कलती होत नाही.

बेंच काढून दोन सुट्या सीट बसवल्या की मधली बसायची जागा जाते. गाडीच्या कागदपत्रांत आसनसंख्या नोंदलेली असते, आणि कित्येक ठिकाणी सीट किंवा बेल्टचे जोड बदलणं हा नोंद करण्याजोगा बदल मानला जातो. तपासणी करणाऱ्याला आणि विमा कंपनीला काम सुरू करण्याआधी विचारा.

जुनं बेंच काढणं

बॅटरीची ऋण तार काढा. दोन दिवस आधीपासून गाडीखालून दिसणाऱ्या बोल्टच्या टोकांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. जुन्या सीटचे बोल्ट खालून चिखल-पाण्यात भिजलेले असतात. वरून डोकं चकचकीत दिसलं तरी आटे गंजाने धरलेले असतात. लांब दांड्याचा पाना आणि सहा कडांचा सॉकेट घ्या, बारा कडांचा घसरतो. बोल्ट अडला तर थोडा घट्ट करून मग सोडवा, असं पुढे-मागे करत काढा. फ्लोअरला वेल्ड केलेला नट सुटून नुसताच फिरायला लागला तर खालून पाना लावायला जागा नसते. मग डोकं कापून काढावं लागतं. कापण्यापूर्वी खाली काय आहे ते बघा.

इथे एक ठळक इशारा. काही जुन्या पिकअपची इंधनाची टाकी कॅबमध्येच, सीटच्या पाठीमागे असते. १९६७ ते १९७२ च्या शेवरोले सी-१० मध्ये ती तशीच आहे. अशा गाडीत ग्राइंडर, वेल्डिंग किंवा ठिणगी पडेल असं कुठलंही काम टाकी रिकामी करून, काढून, कॅबबाहेर दूर नेऊनच. शिवाय ती टाकी आहे तोवर सीट मागे नेण्याची मर्यादा तीच ठरवते. टाकी गाडीखाली हलवली तर बरीच जागा मोकळी होते, पण ते काम सीटच्या कामाहून मोठं आहे. इंधनाच्या नळ्या, मापक आणि भरण्याचं तोंड सगळंच बदलतं.

बेंच निघालं की गालिचा आणि त्याखालचं नमद्यासारखं अस्तर उचला. जुन्या कॅबचा फ्लोअर सडतो तो इथेच. पेचकसाने टोचून बघा. पत्रा खपलीसारखा निघाला तर सीटचं काम थांबवून आधी पत्र्याचं करा. सडक्या पत्र्यावर कितीही जाड ब्रॅकेट लावलं तरी ते पत्र्यासकट उपटून येतं. नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक प्रायमर मारा आणि सांधे सीलरने भरा. एवीतेवी सगळं उघडं आहे, तर वायरींवरही एक नजर टाका.

नवी सीट मांडून बघणं

भोक पाडण्याआधी सीट ठोकळ्यांवर मांडा. पहिलं काम मध्यरेषा. स्टेअरिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि फ्लोअरवर खूण करा. बैठकीचा मध्य तिथे यायला हवा. बेंचवर माणूस आपोआप स्टेअरिंगसमोर सरकून बसतो, सुटी सीट मात्र जिथे बसवाल तिथेच राहते. गिअरबॉक्सचा उंचवटा आडवा येतो म्हणून सीट दाराकडे सरकवली जाते, आणि मग चालक कायम कमरेत वळून बसतो. एक-दोन सेंटीमीटर चालून जातात. पाच चालत नाहीत, पाठ दुखायला लागेपर्यंत कारण लक्षातही येत नाही.

मग पुढे-मागे. आधी लिहून ठेवलेले आकडे काढा आणि सीटचा रेल शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या खाचेत ठेवून तिथे जुळवा, म्हणजे मागे थोडा वाव राहतो आणि दुसरा कुणी चालवणार असेल तर पुढेही. पाठ कलती केल्यावर मागच्या भिंतीला टेकते का ते बघा. क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेलाच राहिला पाहिजे. खांदे पाठीला टेकवून हात पुढे केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर छातीपासून तिचं अंतर निदान २५ सेंटीमीटर ठेवा. उंच माणसाला हे सहसा अवघड जात नाही. उलट पायांसाठी मागे गेल्यावर स्टेअरिंगच लांब पडतं, हा उंच माणसाचा खरा त्रास. तिथे कलणारा स्टेअरिंग दांडा किंवा पाठ थोडी ताठ करणं, एवढेच चांगले उपाय.

ब्रॅकेट आणि फ्लोअर

सीटची भोकं फ्लोअरच्या जुन्या भोकांवर बसणार नाहीत, हे गृहीत धरा. मधे जोडपट्ट्या लागतात. रेलच्या लांबीच्या दोन पोलादी पट्ट्या, निदान ५-६ मिलिमीटर जाड, पुढून मागे टाका: फ्लोअरच्या मूळ मजबूत भोकांवर पट्टी, पट्टीवर सीट. अशाने कारखान्याने मजबुती दिलेली ठिकाणं वापरात राहतात आणि उंची फक्त पट्टीच्या जाडीइतकी वाढते. पुठ्ठ्यावर सगळी भोकं उतरवून घ्या, पुठ्ठा सीटखाली आणि फ्लोअरवर दोन्हीकडे लावून बघा, मगच पोलादावर खुणा करा. सेंटर पंचने ठिपका मारल्याशिवाय ड्रिल लावू नका, ते घसरतं.

उंची वाढवणारे चौकोनी पाइपचे उंच पाय टाळा. पाय जितके उंच, तितका धडकेत बोल्टवर येणारा पिळा जास्त, आणि आपल्याला तर खालीच जायचं आहे.

दोन्ही रेल एकमेकांना समांतर आणि एकाच पातळीत हवेत. तीन मिलिमीटरचा तिरकेपणाही रेल अडकवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका बाजूचं कुलूप बसतं आणि दुसरीकडचं नाही. चारही बोल्ट हाताने लावा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, आणि ती मोकळी चालतेय याची खात्री झाल्यावरच घट्ट करा. दोन्ही कुलपांचा खट्ट आवाज वेगवेगळा ऐका.

नवं भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली झोपून बघा: ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या, वायरी, कॅबचे रबरी माउंट. फ्लोअरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर साधा वॉशर लावलेला बोल्ट धडकेत सरळ ओढून निघतो. खालून प्लेट हवी. मोटरस्पर्धांसाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे की सीटच्या प्रत्येक जोडाला निदान ८ मिलिमीटरचा बोल्ट, आणि सीटचा आधार, बॉडी व प्लेट यांच्यातलं संपर्काचं क्षेत्रफळ निदान ४० चौरस सेंटीमीटर असावं. प्लेट पोलादी असेल तर ३ मिलिमीटर जाड. रस्त्यावरच्या गाडीसाठीही हे माप डोळ्यांसमोर ठेवा. म्हणजे साधारण ६५ मिलिमीटरचा चौरस तुकडा. त्याच्या कडा आणि कोपरे कानसीने गोल करा, नाहीतर तेच पत्रा कापतील. रंग मारा, मग बसवा.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ या ताकदीच्या दर्जाचेच, डोक्यावर आकडा कोरलेला असलेले. स्टेनलेसचे बोल्ट चमकतात म्हणून लावले जातात, पण नेहमीच्या स्टेनलेस बोल्टची ताकद या दर्जांहून कमी असते. कसायचं माप गाडीच्या किंवा सीटच्या पुस्तिकेत असेल तर तेच धरा. नसेल तर ८.८ दर्जाच्या एम-८ (८ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टला साधारण २५ आणि एम-१० ला ४५ ते ५० न्यूटन-मीटर हे प्रमाण चालतं. सीटच्या मूळ रेलवर वेल्डिंग करू नका. तापवलं की पोलादाचा कस बदलतो, आणि रेल थोडा जरी वाकला तरी सरकणं संपलं.

बेल्ट

इथे घाई नको. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानकांतल्या (एफएमव्हीएसएस) २०७ क्रमांकाच्या नियमानुसार सीटच्या जोडांनी सीटच्या वजनाच्या २० पट जोर सोसला पाहिजे. म्हणजे २० किलोच्या सीटला सुमारे ४०० किलोचा ओढा. बेल्टच्या जोडांचा नियम २१० आहे, आणि त्यात कमरेच्या व खांद्याच्या पट्ट्यावर प्रत्येकी ३,००० पौंड जोर धरतात, सुमारे १३,३४५ न्यूटन. दोन्ही मिळून जवळपास २,७०० किलो. तुलना केली की कळतं: जुन्या बेंचचे बोल्ट फक्त बेंच धरून ठेवण्यासाठी होते, कारण त्या गाड्यांत बेल्ट थेट फ्लोअरला आणि दारामागच्या खांबाला जोडलेला असे. नव्या गाड्यांच्या सीटवर मात्र बकल सीटच्याच चौकटीला असतं. ती सीट तशीच बसवली की बेल्टच्या ओढ्याचा मोठा वाटा तुमच्या जोडपट्ट्यांवर आणि त्या चार बोल्टवर येतो.

त्यामुळे सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे सीटवरचं बकल काढून गाडीचे मूळ फ्लोअरचे जोड वापरणं. बेल्टच्या जोडांचा बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच, इंचाला २० आटे, अशा मापाचा असतो. तिथे हाताला येईल तो बोल्ट ठोकू नका. सीट मागे गेल्यावर कमरेच्या पट्ट्याचा कोन बदलतो हेही बघा. पट्टा जोडापासून कमरेपर्यंत जाताना आडव्या रेषेशी ३० ते ७५ अंशांत असावा. सीट जोडाच्या फार मागे गेली की पट्टा उभा होऊन ही मर्यादा ओलांडतो, मग जोडच मागे न्यावा लागतो. ते काम प्लेट, वेल्डिंग आणि हिशोब जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

खांद्याचा पट्टा हा उंच माणसाचा वेगळा प्रश्न आहे. खांबावरची कडी खांद्याच्या खाली असेल तर धडकेत पट्टा खांदा खाली दाबतो आणि तो भार मणक्यावर येतो. कडी खांद्याच्या बरोबरीने किंवा वर हवी. सीट खाली आणल्याचा इथे अनपेक्षित फायदा होतो. फक्त कमरेचा पट्टा असलेली जुनी गाडी असेल तर सीटबरोबरच तीन बिंदूंचा बेल्ट बसवण्याचा विचार करा. कित्येक कॅबच्या खांबात त्यासाठी आट्यांचं भोक आधीच दिलेलं असतं, अस्तराखाली झाकलेलं. बकलचा दांडा पुरेसा लांब आहे का, सीट आणि उंचवट्याच्या फटीत हात जातो का, हे जाडसर जाकीट घालून तपासा.

चालवून बघणं

गालिचा परत टाकण्याआधी बंद गाडीत अर्धा तास बसा. खरोखर अर्धा तास. दहा मिनिटांत कुठलीही सीट चांगलीच वाटते. मग ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी. खाली आणि मागे बसल्यामुळे नजर बदललेली असते: बॉनेटचं पुढचं टोक कमी दिसतं, पण समोरच्या काचेची वरची कड आता नजरेच्या आड येत नाही आणि सिग्नलसाठी मान वाकवावी लागत नाही. तिन्ही आरसे नव्याने लावा. बाजूच्या खांबाने किती रस्ता झाकला जातोय ते वळणावर बघा. मागे बसल्यावर दाराचा खांब बरोबर खांद्याशी येतो आणि मान वळवून बघताना आडवा होतो.

मोकळ्या जागी एकदा जोरात ब्रेक मारा. सीट कुठेही करकरली, हलली, किंवा एक खाच सरकली तर कुलूप नीट बसलेलं नाही. मग रेलची समांतरता पुन्हा तपासा.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, कारण रंग आणि सीलरचा थर दबून बसतो. बोल्ट आणि पत्र्यावर मार्करने एक सरळ रेष ओढून ठेवली तर पुढच्या वेळी पाना न लावताही कळतं की बोल्ट फिरलाय का. प्लेटच्या कडांना खालून पुन्हा रंगाचा हात द्या आणि पावसाळ्यानंतर एकदा वाकून बघा. शेजारच्या प्रवाशाची सीट वेगळ्या उंचीची राहिली असेल तर मधल्या हातरेस्टचा आणि गिअरच्या दांड्याचा मेळ तपासा; दुसऱ्या गिअरला हात प्रवाशाच्या बैठकीच्या कडेला आपटत असेल, तर ती कड तासून घेण्यापेक्षा ती सीटच एक भोक बाहेर सरकवणं सोपं जातं.